बेहड्यातली बाळंतीण

मार्चमधल्या त्या सोमवारी सकाळी सव्वानऊला आईचा फोन आला. आई सहसा फोन करत नाही. माझं दुकान बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात, गाव जांबोटीच्या वाटेला, मलप्रभेपासून हाकेच्या अंतरावर. काही लागलंच तर ती दूध घालायला येणाऱ्या पोराकडे निरोप देते. त्या दिवशी मात्र तिला धाप लागली होती. "मशीन लावलेत बघ टेकाडावर. नीलगिरी झाली, आता जांभळाला हात घातलाय. बेहडा पण तोडूलालेत वाटतं. आत बाळंतीण बसलीय रे. तू ये."

दुकानात पेन्शनच्या अर्जासाठी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांना शेजारच्या दुकानात बसवलं, शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

आई ज्या बाळंतिणीबद्दल बोलत होती ती धनेशाची मादी. मलबारी राखी धनेश, म्हणजे करड्या पिसांचा, पिवळट वाकड्या चोचीचा, माणूस खो खो हसल्यासारखा आवाज काढणारा. हा पक्षी सह्याद्री सोडून जगात कुठंच नाही. २०२० पासून तो जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या पक्ष्यांत धरला जातो. आईला यातलं काही ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे ते असं, की टेकाडाच्या उताराला जो जुना बेहडा आहे, त्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्याखाली एक ढोली आहे, आणि मी शाळेत जायच्या आधीपासून दर वर्षी शिमग्याच्या सुमाराला एक धनेशीण त्या ढोलीत जाऊन बसते. स्वतःच्या विष्ठेनं आणि फळांच्या चोथ्यानं ती आतून दार लिंपून घेते. बोटभर फट तेवढी ठेवते. जवळजवळ तीन महिने ती आतच. अंडी तिथं, पिल्लं तिथं, आणि त्या काळात तिची पंखांची पिसंही झडतात, त्यामुळे उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. नर मेला तर आत सगळ्यांवरच उपासमार येऊ शकते.

"सव्वा महिन्याची बाळंतीण तरी खोलीबाहेर येते, ही तीन महिने येत नाही," असं आई सांगायची. आमच्या गल्लीत सगळ्या बायका तिला बाळंतीणच म्हणतात. बेहड्याखाली लाकडं गोळा करायला गेलं तर त्या दिवसांत कुणी मोठ्यानं बोलत नसे. मला लहानपणी वाटायचं की हा देवाचा काही नियम असेल. तसं काही नाही, देवाचा दगडसुद्धा नाही तिथं. बायकांनी आपापसांत पाळलेली रीत आहे ती.

मी पोचलो तेव्हा जांभूळ आडवं झालेलं होतं.

त्या जांभळाबद्दल मला सांगायलाच हवं. मोहोराला आलेलं झाड होतं. फांद्या जमिनीवर पडल्या होत्या तरी मधमाश्या त्या मोहोरावरून हलत नव्हत्या, मशीनच्या आवाजातसुद्धा त्यांची गुणगुण ऐकू येत होती. बुंधा ताजा कापलेला, आतून तांबूस, ओला. एका वाळक्या फांदीत गोल भोक होतं, रुपयापेक्षा थोडं मोठं. फांदी आपटून उभी चिरली होती आणि त्या चिरेत कुटुरग्याची तीन पिल्लं होती. डोळे मिटलेले, अंगावर एक पीस नाही, पोटाची कातडी इतकी पातळ की आतलं निळसर दिसत होतं. एक जागीच गेलं होतं. दोन माना वर करून चोची उघडत होती. वरच्या किंदळावर त्यांची आई की बाप, जे कोण होतं ते, कुटुर्र कुटुर्र करत सारखं या फांदीवरून त्या फांदीवर जात होतं.

माझ्या चुलतभावाच्या मुलीनं ती दोन पिल्लं शाळेच्या डब्यात कापूस घालून घरी नेली. पिकलेली उंबरं कुस्करून चिमट्यानं भरवायचा प्रयत्न केला. एक दुपारी गेलं, दुसरं रात्री साडेनऊला. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिनं डबा धुतला आणि परत शाळेत न्यायला नकार दिला. अजून ती वेगळ्या डब्यातून जेवण नेते.

टेकाडाची ती सहा एकर जमीन आमच्या गावातल्याच एका घराण्याची. वारस पुण्याला आणि गोव्याला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती एका बाहेरच्या पार्टीला विकली. त्यांच्यावर माझा राग नाही. कोरडवाहू, दगडगोट्यांची जमीन, कसणार कोण, आणि भाव मिळाला तर कोणीही विकेल. बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला जाणारा रस्ता जवळ असल्यामुळे आमच्या भागात आता फार्महाऊसच्या प्लॉटचं पेव फुटलंय. पाच गुंठे, दहा गुंठे, तारेचं कुंपण, मुरमाचा रस्ता, आणि वर मोठ्या बोर्डावर धनेशाचंच चित्र. होय, आमच्या टेकाडावर लागलेल्या बोर्डावर धनेशाचं चित्र होतं. चित्रातला होता मोठा, डोक्यावर पिवळं शिंग असलेला, दांडेलीकडे दिसतो तो. ज्या माणसानं ते चित्र निवडलं त्यानं मागे वळून बेहड्याकडे पाहिलं असतं तर खरा दिसला असता.

मशीनवाल्या पोरांशी भांडण्यात अर्थ नव्हता. रोजंदारीची पोरं ती, दोन तर शेजारच्या गावातली. मुकादमाला विचारलं, परवानगी आहे का. तो म्हणाला, आहे की, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. मी म्हटलं, मला याची झेरॉक्स हवी. तो म्हणाला मोबाईलवर फोटो काढा. काढला.

आता माझा धंदा कागदाचा. एकवीस वर्षं उतारे, दाखले, अर्ज, नकाशे यांच्या प्रती काढतोय आणि टाईप करून देतोय. आमच्या भागात सरकारी कागद कन्नडमध्ये येतो आणि वाचणारा माणूस मराठी शाळेत शिकलेला असतो. त्यामुळे कागद घेऊन माणसं माझ्याकडे येतात, मी वाचून मराठीत सांगतो. अर्ज मी नुडी या सॉफ्टवेअरवर कन्नडमध्ये टाईप करतो आणि सही करण्याआधी ज्याचा त्याला मराठीत ऐकवतो. या कामामुळे एक सवय लागलीय. कागद हातात आला की मी आधी शेवटची ओळ वाचतो, मग जोडलेली यादी, आणि मग वरचा मजकूर.

यादीत अकरा झाडं होती. अनुक्रमांक, जात, घेर, उंची. चार रकाने. ऐन सहा, किंदळ तीन, नाणा दोन. जांभूळ नाही. आंबा नाही. बेहडा नाही. टेकाडावर मात्र लाल रंगानं आकडे टाकले होते त्रेपन्नपर्यंत. बेहड्यावर सत्तावीस.

मुकादम म्हणाला, नीलगिरीला परवानगी लागतच नाही. ते बरोबर आहे. १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यात नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, नारळ अशा काही झाडांना सूट आहे. पण बाकीचं झाड तुमच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असलं तरी ते तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. इथं झालं होतं असं, की बांधावरच्या नीलगिरीच्या रांगेपासून सुरुवात केली, लांबून बघणाऱ्याला वाटावं नीलगिरीच तोडतायत, आणि मशीन सुरूच आहे म्हणून तसंच आत सरकत गेले. मी आकडे मोजले. त्या सकाळी यादीबाहेरची सात झाडं गेली होती.

मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिलो. अकरा झाडांच्या त्या यादीत जरी बेहडा असता तरी काय लिहिलं असतं? बेहडा, घेर अमुक, उंची तमुक. त्यात बाळंतीण कुठं लिहायची? कागदात तिच्यासाठी रकानाच नाही. मला हे इतकं लागलं कारण मी रोज माणसांना सांगतो, रकान्यात बसत नसेल तर ते लिहू नका, अर्ज परत येतो.

दुपारी गावात आलो तर चावडीसमोर आधीच दोन तट पडले होते. बाहेर वाचणाऱ्याला वाटेल की झाडं तोडली म्हणजे सगळं गाव पेटून उठलं असेल. तसं नसतं. गावातले सहाजण त्या साईटवर कामाला होते. दोघांनी पुढच्या पट्ट्यातली जमीन विकायचं बोलणं लावलं होतं, हे झालं की भाव पडणार याची त्यांना धास्ती. आणि सगळ्यात जड बोलले ते आमचे थोरले काका. "फॉरेस्टवाल्यांना तू गावात आणूलास. आज ते धनेशासाठी येतील, उद्या तुझ्या गोठ्याच्या वाशाचा हिशोब मागतील."

काकांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. भीमगड अभयारण्य २०११ ला जाहीर झालं. तेव्हापासून आतल्या गावांनी काय काय सोसलंय ते खानापूर तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. रस्ता होत नाही, विजेची तार ओढता येत नाही, आजारी माणसाला खांद्यावरून आणायचं, आणि शेवटी बाहेर या म्हणून सांगणं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील गावांच्या यादीचा विषय निघाला की ग्रामसभा अजून तापते. जंगलाजवळ राहणाऱ्याला जंगल खात्याची भीती वाटते, ती उगाच नाही. मी काकांना एवढंच म्हटलं, "तुमच्या गोठ्याचा वासा तुम्ही विचारून घेतलात, दोन गाड्या शेण घालून झाड वाढवलंत. यांनी विचारलंसुद्धा नाही." काका गप्प झाले. पटलं नाही त्यांना, पण गप्प झाले.

निकाल लावला बायकांनी. संध्याकाळी स्वसहाय्य संघाची बैठक होती, हप्ते भरायची. तिथं आईनं विषय काढला. मी दाराबाहेर उभा होतो. एक मामी म्हणाल्या, बाळंतिणीच्या घरावर कुऱ्हाड घालतात होय कोण? बस, मग पुढं कायद्याचं कुणाला काही विचारावं लागलं नाही. उद्या सकाळी सातला बेहड्याखाली जायचं आणि बसायचं, असं ठरलं. पंचायतीच्या अध्यक्षाही त्याच संघात आहेत, त्यांनी पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, फोन लावला.

रात्री मी दुकान उघडून अर्ज टाईप केला. तीन मुद्दे. पहिला, यादीबाहेरची झाडं तोडली आहेत, हे त्यांचे आकडे. दुसरा, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे त्यात नुसतं मारणं, पकडणं येत नाही. रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं, हेही शिकारीतच धरलंय. म्हणजे झाड तोडायची परवानगी असली तरी घरटं मोडायची परवानगी त्यातून मिळत नाही. २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात हमरस्ता रुंद करताना पक्ष्यांनी भरलेलं चिंचेचं झाड जेसीबीनं पाडलं. रस्त्यावर पिल्लांचा सडा पडला. तिथं वन खात्यानं गुन्हा नोंदवला होता. रस्त्याचं काम सरकारी होतं, तरी. हे मी अर्जात लिहिलं.

तिसरा मुद्दा म्हणजे एक तक्ता. अनुक्रमांक, जात, घेर, उंची, आणि पाचवा रकाना मी माझ्या मनानं घातला: झाडावर सध्या कोण राहतं. त्यात आई सांगत गेली आणि मी भरत गेलो. सत्तावीस, बेहडा, धनेश, आत मादी. एकतीस, आंबा, वरच्या ढोलीत घुबडाचं जोडपं. चौतीस, उंबर, ओढ्याकाठचं, घरटं नाही पण धनेशाचा नर रोज इथूनच फळं नेतो. एकोणचाळीस, किंदळ, मोहोळ. आईनं अकरा झाडांचं सांगितलं. बाकीच्यांचं मला माहीत नाही म्हणाली, तर तिथं मी रेघ मारली. खोटं एक अक्षर नको होतं मला त्या कागदात.

अर्ज कन्नडमध्ये, खाली मराठी प्रत. चौसष्ट सह्या आणि एकोणीस अंगठे. काकांचा अंगठा नाही, सही आहे. शेवटच्या पानावर, एकदम कोपऱ्यात.

मंगळवारी सकाळी बेहड्याखाली तीसेक बायका बसल्या होत्या. कुणी भाजी निवडत होतं, एकीनं गोधडीचे टाके घालायला घेतले होते. आमच्या शेजारच्या कारवार जिल्ह्यात, शिरसी तालुक्यात, १९८३ च्या सप्टेंबरात सलकणीच्या लोकांनी झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली होती. अप्पिको म्हणतात त्या चळवळीला. कन्नडमध्ये अप्पिको म्हणजे कवटाळ. पांडुरंग हेगडे यांनी ती चळवळ पुढं नेली. आमच्या बायकांपैकी एकीलाही हे ठाऊक नव्हतं, आणि मिठी वगैरे कुणी मारली नाही. त्या नुसत्या बसल्या. मुकादम आला, बघितलं, कुणाला तरी फोन केला, मशीन खाली ठेवायला सांगितलं. थोड्या वेळानं एक गाडी आली, त्यातून पार्टीचा माणूस उतरला. चांगलं बोलला. म्हणाला, आम्ही दोनशे रोपं लावणार आहोत, पाम आणि गुलमोहर, तुमच्या गावालाही देऊ.

त्यावर आई जे बोलली ते मला तसंच्या तसं लिहायचंय. "पोरा, गुलमोहरात ढोली व्हायला किती वर्सं लागतील? तोवर हिनं कुठं बाळंत व्हायचं?"

धनेशाला सुतार पक्ष्यासारखी चोच नसते, तो स्वतः ढोली कोरू शकत नाही. म्हातारं झाड, त्याची मोडलेली फांदी, तिथं पाणी मुरून कुजलेला गाभा, असं सगळं जमून यावं लागतं. तशी जागा मिळाली की वर्षानुवर्षं तो तीच वापरतो. आमच्या टेकाडावर अशी एकच जागा आहे. आईनं हे पुस्तकात वाचलेलं नाही.

त्या माणसानं मान खाली घातली. उत्तर दिलं नाही त्यानं, आणि मला वाटतं त्याच्याकडे ते नव्हतंच.

वनरक्षक आला तेव्हा बारा वाजून गेले होते. तिशीतला असेल, विजापूरकडचा, मराठी तोडकं. बेहड्याकडे बघून म्हणाला, "मंगट्टे?" धनेशाला कन्नडमध्ये मंगट्टे म्हणतात. बायकांना तो शब्द माहीत नव्हता पण त्यानं बोट कुठं दाखवलं ते सगळ्यांना कळलं. एकीनं ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला झाडाखाली नेलं.

बेहड्याची पानगळ झालेली होती, फांद्यांना कोवळी तांबूस पालवी नुकती फुटत होती, त्यामुळे ढोली स्पष्ट दिसत होती. खाली बुंध्याशी बियांचा ढीग. उंबराच्या बारीक बिया, कुठल्या कुठल्या रानफळांच्या आठळ्या, काही ओल्या, काही वाळलेल्या, आणि गेल्या वर्षीच्या बियांची उगवलेली बोटभर उंचीची रोपं. वनरक्षक खाली बसला आणि त्या बिया तळहातावर घेऊन वेगवेगळ्या करायला लागला. बराच वेळ तो काही बोलला नाही. वर फटीतून पिवळ्या चोचीचं टोक बाहेर आलं, हललं, आत गेलं. तेवढंच.

मग त्यानं वरिष्ठांना फोन केला आणि जागेवर महजर लिहायला घेतला. आमच्याकडे पंचनाम्याला सगळे महजरच म्हणतात. लिहिताना तो अडला. म्हणाला, घरट्याचं कुठं लिहू, यात तसा कॉलम नाही. मी माझा तक्ता पुढं केला. त्यानं वाचला, आणि महजरला जोडपत्र म्हणून तो टाचला. स्टेपलर माझाच होता.

यादीबाहेरच्या तोडीची नोंद झाली, लाकूड जागेवर जप्त झालं, आणि पावसाळ्यापर्यंत टेकाडाच्या त्या उतारावर काम करायचं नाही असा लेखी आदेश आठवडाभरात आला. त्यासाठी मला तीन वेळा बेळगावला जावं लागलं. एका कचेरीत मला विचारलं गेलं की ही तुमची जमीन आहे का, नसेल तर तुमचा संबंध काय. या प्रश्नाचं उत्तर मी कागदावर देऊ शकलो नाही. तोंडी सांगितलं, माझी आई तिला पस्तीस-चाळीस वर्षं ओळखते.

पण त्या मंगळवारी आमच्या मनात एकच भीती होती. नर येईल का? आदल्या दिवशीच्या गोंगाटानंतर तो दिसलाच नव्हता. फळं आणली की तो आधी जांभळाच्या शेंड्यावर बसायचा, इकडंतिकडं बघायचा, मग बेहड्यावर यायचा. ते जांभूळच नव्हतं आता. बायका मागं सरकून बांधापलीकडे जाऊन बसल्या. चार वाजता ओढ्याकडून तो हसणारा आवाज आला. नर आला तो सरळ जांभळाच्या जागेकडे, आणि जिथं शेंडा असायला हवा होता तिथं हवेत जरा फडफडला, वळला, परत गेला. पुन्हा आला, पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळेला किंदळावर बसला. गळा फुगलेला दिसत होता, फळं भरलेली. पाऊण तास तसाच बसला. आमच्यापैकी कुणी हललं नाही, एका काकूंना खोकल्याची उबळ आली तर त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग तो बेहड्यावर उतरला, बुंध्याला चिकटून बसला, मान मागं झटकून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत दिलं. मग दुसरं. आई मोजत होती. सतरा.

त्यानंतर मे महिन्यापर्यंत पाळ्या लावल्या. सकाळी दोघीजणी, संध्याकाळी दोघं. चुलतभावाची मुलगी वहीत लिहायची, किती वाजता आला, किती वेळ थांबला. एप्रिलच्या वळवानं फांद्या मोडल्या, एक दिवस नर सकाळभर आला नाही तेव्हा आई जेवली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी दुकानात असताना मुलीनं आईच्या फोनवरून मला फोन केला. दार फुटलंय म्हणाली. मी पोचेपर्यंत मादी बाहेर येऊन वरच्या फांदीवर बसली होती. पंख मळकट, शेपटीची नवी पिसं आखूड. पिल्लू ढोलीच्या तोंडाशी होतं, बाहेर मान काढायचं आणि परत आत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उडालं, एकोणचाळीस नंबरच्या किंदळापर्यंत.

आता पाऊस लागलाय. आदेशाची मुदत संपत आली आहे. ढोली रिकामी आहे, त्यामुळे बेहड्याला परवानगी द्यायला हरकत नाही असा नवा अर्ज त्या पार्टीनं घातलाय, याची प्रत मला मिळाली. आमचं म्हणणं आम्ही मांडलंय: ती फेब्रुवारीत परत येते, मुलीच्या वहीची झेरॉक्स सोबत जोडली आहे, शहाऐंशी पानं. काकांनी या वेळी पहिली सही केली. सुनावणीची तारीख अजून यायची आहे.

गेल्या आठवड्यात बैलूरच्या बाजूच्या एका गावातून दोघं दुकानात आले. त्यांच्याकडे रस्त्याकडेच्या आंब्यांवर आकडे पडलेत. त्यांना पाच रकान्यांचा तक्ता हवा होता. मी पन्नास प्रती काढून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. पाचवा रकाना कन्नड आणि मराठी दोन्हीत छापलाय, जरा रुंद ठेवलाय, घुबड-मोहोळ-धनेश असं सगळं एका झाडाला लिहावं लागलं तरी मावेल एवढा.